एसई सिव्हिल, व्हाया स्वारगेट

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून येणाऱ्या एसटीतून दर वर्षी काही भावी सिव्हिल इंजिनिअर स्वारगेटला उतरतात. त्यांचं पहिलं वर्ष गणितात आणि बऱ्या मेसच्या शोधात जातं. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, दुसऱ्या सत्राला 'जिओटेक्निकल इंजिनिअरिंग' समोर यायचं. सोप्या भाषेत, माती. आधीच्या पिढ्यांना हाच विषय 'सॉइल' या नावानं छळून गेला. कॉम्प्युटरवाला रूममेट विचारतो, मातीत शिकण्यासारखं असतं तरी काय? त्याला स्वारगेटच्या जेधे चौकात आणून उभं करावं. इथून कुठल्याही दिशेनं थोडं चाललं, की पुस्तकातलं एखादं प्रकरण आडवं येतंच.

पितळी वाटी, पंचवीस ठोके

लॅबमधला पहिला मानाचा प्रयोग. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १२० ग्रॅम माती पाण्यात कालवायची, पितळी वाटीत पसरायची, मधोमध खाच पाडायची आणि हँडल फिरवायचं. वेग सेकंदाला दोन फेरे. दर फेऱ्याला वाटी एक सेंटिमीटर उचलली जाते आणि टक्कन आपटते. दोन्ही बाजूंची माती सरकत सरकत येते आणि खाच तळाशी १२ मिलिमीटर लांबीवर मिटते. बरोबर २५ ठोक्यांत मिटली, तर त्या घडीला मातीत जेवढं पाणी असेल ती तिची 'लिक्विड लिमिट'.

बरोबर २५ ठोके अर्थातच कधी पडत नाहीत. कधी १७, कधी ३८. म्हणून चार-पाच वेगवेगळ्या ओलाव्यांवर ठोके मोजायचे, आलेख काढायचा आणि त्यावरून २५ चा आकडा वाचायचा. जर्नलमध्ये सगळे बिंदू एका रेषेत शिस्तीत बसले असतील, तर सरांना न सांगता कळतं की रेष आधी आखली आणि बिंदू मागून आले.

गंमत म्हणजे ज्याच्या नावानं या मर्यादा ओळखल्या जातात, तो अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग सिव्हिलचा नव्हताच. स्वीडनमधला हा रसायनतज्ज्ञ शेतीशास्त्रात रमलेला. १९११ मध्ये त्यानं चिकणमातीच्या मर्यादा मांडल्या. वाटीचं यंत्र पुढं १९३२ च्या सुमाराला आर्थर कॅसाग्रांदेनं प्रमाणित केलं. 'प्लास्टिक लिमिट'ला तर यंत्रही लागत नाही. काचेवर तळहातानं मातीची वळी करत जायचं. ती ३ मिलिमीटर जाडीची होता होता तडकली की झालं. एवढ्या तोफखान्याच्या विषयात एक अख्खी चाचणी नुसत्या तळहातावर चालते, हे मला फार आवडतं.

रॉकेल कशाला? मातीला पाजायला

रेशनचं रॉकेल दिसेनासं झालं, स्टोव्ह माळ्यावर गेले. पण सॉइल लॅबच्या कपाटात त्याची बाटली आहे. १०० मिलिलिटरच्या दोन काचेच्या नळ्या घ्यायच्या. दोन्हींत १०-१० ग्रॅम कोरडी माती. एकीत पाणी ओतायचं, दुसरीत रॉकेल. २४ तासांनी बघायचं. रॉकेलमध्ये माती गुमान बसलेली असते, पाण्यात ती फुगून वर आलेली असते. या फरकाची टक्केवारी म्हणजे 'फ्री स्वेल इंडेक्स'. आकडा २० च्या आत असेल तर चिंता नाही. ५० च्या वर गेला तर ती माती बांधकामाच्या दृष्टीनं डांबरट समजावी.

रॉकेलच का? चिकणमातीचे कण पाण्याच्या रेणूंना अंगाशी ओढून घेतात. रॉकेलशी त्यांचं असलं काही नातं जमत नाही. एवढंच.

मातीचं आकुंचन मोजायच्या जुन्या रीतीत चक्क पारा वापरतात. सुकलेली मातीची वडी पाऱ्यात बुडवायची आणि किती पारा बाहेर सांडला त्यावरून तिचं आकारमान काढायचं. पाण्यात बुडवली तर ती पाणी पिते, पारा तिला पिता येत नाही. सांडलेला पारा फरशीवर पळायला लागला, की सगळी बॅच एकदम कामाला लागते.

काळी फुगते, मुरूम तारतो

गावात वाढलेल्या पोराला हे प्रकरण आधीच पाठ असतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, काठी सोडली तर आत जाईल एवढ्या. पहिल्या पावसात त्याच भेगा मिटतात आणि चपलेला दोन किलो चिखल लागतो. पुस्तक याला 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणतं आणि दोष मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाला देतं. कापसाला हीच माती लागते, घराला नको असते. ती पावसात घर उचलते, उन्हाळ्यात खाली ठेवते आणि दर वर्षी भिंतीला नवी तिरपी चीर देते.

जुनं गाव हे ओळखून होतं. वस्ती पांढरीवर, शेत काळीत. नकाशावर न काढलेलं हे झोनिंग शेकडो वर्षं चाललं.

आधुनिक उत्तरं दोन, दोन्ही देशी. रुडकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं 'अंडर-रीम्ड पाइल' रुळवला. जमिनीत खांब घालायचा आणि त्याच्या बुडाशी खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगवटा ठेवायचा. वरची माती कितीही वरखाली झाली तरी ऋतूंचा ओलावा जिथं पोचत नाही, साधारण साडेतीन मीटरखाली, तिथं हा पाय रोवून बसतो. दुसरं उत्तर पवईचं. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं, की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दाबून घातला तर खालची फुगणं विसरते. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली हा 'सीएनएस' थर घालतात. आपल्याकडे त्यासाठी बऱ्याचदा चांगला मुरूमच धावून येतो.

थर दाबायचा म्हणजे मात्र ओलावा नेमका हवा. भाकरीच्या पिठासारखंच: पाणी कमी पडलं तर कडा फाटतात, जास्त झालं तर हाताला चिकटतं. राल्फ प्रॉक्टरनं १९३३ मध्ये लॉस एंजेलिसच्या धरणकामातून हे सूत्रात बसवलं. आपल्या लॅबमध्ये त्याचा अवतार म्हणजे २.६ किलोचा हातोडा, ३१ सेंटिमीटरवरून, तीन थरांना प्रत्येकी २५ दणके. वरच्या मजल्यावर लेक्चर चालू असेल तर त्या सरांना प्रॉक्टर कोण हे वेगळं शिकवावं लागत नाही.

खेकड्यांची बाजू

२७ सप्टेंबर २०१८. खडकवासल्याहून निघून पर्वतीच्या पायथ्याजवळून हडपसरकडे जाणारा मुठा उजवा कालवा जनता वसाहतीपाशी फुटला. दांडेकर पूल, सिंहगड रस्ता भर दिवसा पाण्याखाली, वस्त्यांमधले संसार वाहून गेले. तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी कारण सांगितलं: उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी कालवा पोखरला. पुणेकरांनी या विधानाचं काय केलं असेल ते सांगायला नको.

पुढच्याच वर्षी २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, आणि जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनीही बोट खेकड्यांकडे दाखवलं. मग विरोधकांनी ठाण्यात पोलिस ठाण्यावर खेकडे नेले आणि त्यांना अटक करा म्हणून मागणी केली.

आता आरोपीच्या बाजूनं आणि विरुद्धही. जिओटेकच्या पुस्तकात 'पायपिंग' नावाचं प्रकरण आहे. मातीच्या बांधातून झिरपणारं पाणी बाहेर पडताना एकेक कण घेऊन जातं. त्यामुळे पडलेलं भोक बाहेरून आत, पाण्याच्या दिशेनं वाढत जातं आणि एक दिवस बांधाच्या आरपार नळी तयार होते. ही नळी सुरू करायला बीळ पुरतं. जगभरच्या मातीच्या धरणांच्या देखभाल-पुस्तिकांत बिळं करणाऱ्या प्राण्यांसाठी खरोखर वेगळी जागा असते. म्हणजे मंत्र्यांचं विधान भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. पण त्याच पुस्तिका पुढच्या ओळीत सांगतात, की बांधावर नियमित फिरा, झुडपं काढा, बिळं शोधा, भरा. खेकडा त्याचं काम करतो. फिरायचं काम ज्याचं, त्याला दहा पाय नसले तरी दोन असतात.

तळ्यातला गणपती

सारसबागेत हिरवळीवर पाय पसरून बसलेल्या मंडळींपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ते तळ्यात बसलेत? नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं, मध्ये बेट ठेवलं. त्या बेटावरचा तो तळ्यातला गणपती. पुढं तळं गेलं, बाग आली. नानासाहेबांच्याच काळात आंबिल ओढ्याचा प्रवाहही वळवला गेला. ओढ्यानं आपलं अस्तित्व २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री सगळ्यांना दाखवलं. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत पाणी घुसलं, माणसं दगावली.

बुजवलेलं तळं किंवा सरकवलेला ओढा म्हटला की जिओटेकवाला कान टवकारतो. अशा जागी खाली गाळ असण्याची शक्यता मोठी. गाळावर वजन ठेवलं की त्यातलं पाणी मुंगीच्या पावलांनी बाहेर पडतं आणि जमीन वर्षानुवर्षं बसत राहते. हे 'कन्सॉलिडेशन'. त्याचा सिद्धांत कार्ल टेर्झागीनं मांडला. हा ऑस्ट्रियन माणूस तेव्हा इस्तंबूलमध्ये शिकवत होता, उपकरणं हाताशी येईल त्या भंगारातून जोडत होता. १९२५ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि 'सॉइल मेकॅनिक्स' हा विषय जन्मला असं मानतात. मोठ्या प्रमाणावर हा प्रकार पाहायचा तर जपानचं कान्साई विमानतळ: समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर १९९४ मध्ये सुरू झालं, आणि बेट आजवर दहा मीटरांहून जास्त खाली गेलंय. विमानं रोज उतरतात.

भुयार सापडलं!

मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोची खोदाई चालू असताना जमिनीखाली जुनं बांधीव भुयार लागलं. पुण्यात सापडलेलं कुठलंही भुयार शनिवारवाड्याला जायलाच हवं, असा दंडक आहे. अभ्यासकांनी पाहून सांगितलं, की ही पाण्याची जुनी वाहिनी दिसते. यात खरं तर जास्त मजा आहे. १७५० च्या सुमाराला कात्रजच्या तलावातून शहरापर्यंत दगडी नळ आणला होता. पंप नाही, वीज नाही, सगळा प्रवास उतारावर. वाटेत हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास बांधले, आणि पाणी पेठांतल्या हौदांत पडलं. शिवाय आजच्या कंत्राटदाराला एक धडा: पुण्यात बोअर मारण्याआधी जिओलॉजिस्टबरोबर इतिहासाच्या माणसालाही चहा पाजावा.

पेटीत भरलेला बेसॉल्ट

मेट्रोच्या आधी बोअर मारतात. आतून निघालेला दगड लांबट लाकडी पेटीत क्रमानं मांडतात; खोली खडूनं किंवा मार्करनं कडेला लिहिलेली. 'कोअर बॉक्स' हा या धंद्यातला सर्वांत खरा कागद. पुण्यातला असा बॉक्स उघडला तर राखाडी-काळा, जड, घट्ट बेसॉल्ट दिसतो. मध्येच पांढऱ्या गाठी असलेला तुकडा येतो, आणि एखाद्या वेळी दोन लाव्हा प्रवाहांच्या मधला विटकरी, मऊ थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थिजला, त्यावर माती तयार झाली, मग दुसरा लाव्हा येऊन तिला भाजून गेला, असा तो 'रेड बोल'. दगड म्हणून त्यावर विसंबलात तर फसलात.

दगडाला मार्क देण्याची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉन डीअरनं काढली. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडेच मोजायचे, त्यांची बेरीज बोअरच्या लांबीशी ताडायची. हा 'आरक्यूडी'. ९० टक्क्यांच्या वर उत्तम, २५ च्या खाली नापास. पेटी उचलताना हातातून पडून तुकडा मोडला तर? मोड ताजी असेल तर दोन्ही तुकडे जोडून एकच धरायचे. दगडावर अन्याय करायचा नाही.

त्या पांढऱ्या गाठी म्हणजे झिओलाइट वर्गातली खनिजं. जगभरचे संग्राहक पुण्याचं नाव घेतात ते यांच्यामुळे. वाघोलीच्या खाणींतून निघणारं निळंशार कॅव्हन्साइट तर दागिन्यासारखं काचेत ठेवतात. पहिल्यांदा ते सापडलं अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये. पण देखणं वाघोलीचंच.

या बेसॉल्टमधून मेट्रोचे बोगदे काढणाऱ्या यंत्रांची नावं मुळा, मुठा आणि पवना. बोगदा मुठा नदीच्या पात्राखालून गेला, आणि ४ जून २०२२ ला स्वारगेटकडून आलेली पवना बुधवार पेठेत बाहेर आली. सिव्हिल कोर्टचं स्थानक ३३.१ मीटर खोल, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांमध्ये त्याची गणती होते. तिथून स्वारगेटपर्यंतचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. आता स्वारगेट ते कात्रज हा टप्पाही पूर्ण भूमिगत होणार आहे. केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली.

पेठेनं गिळलेला ट्रक

२०२४ च्याच सप्टेंबरात, २० तारखेला, बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज सफाईचा ट्रक उभा होता. पेव्हर ब्लॉकखालची जमीन खचली आणि अख्खा ट्रक मागच्या अंगानं आत गेला. ड्रायव्हर वाचला. क्रेन लावून ट्रक बाहेर काढला तोवर व्हिडिओ साता समुद्रापार पोचला होता. तिथं जुनी विहीर होती, असं तेव्हा सांगितलं गेलं. पेठांत वाड्यावाड्याला आड होते. नळ आले तसे ते झाकले गेले, बुजवले गेले, काही नुसतेच विसरले गेले. बुजवलेल्या आडात भराव नीट दाबला नसेल तर वरची फरशी म्हणजे नुसतं झाकण.

६३.५ हा आकडा कुठून आला?

साइटवर लोखंडी तिपाई, दोर, आणि धप्प धप्प आवाज दिसला तर समजा 'एसपीटी' चालू आहे. ६३.५ किलोचं वजन ७५ सेंटिमीटरवरून पाडायचं, नळी जमिनीत ठोकायची. पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे, पुढच्या ३० ला किती ठोके लागले ते मोजायचं. हीच 'एन व्हॅल्यू'. हा विचित्र आकडा म्हणजे मुळात १४० पौंड. मोजणारा माणूस ठोके मोजताना फोनवर बोलत असेल, तर इमारतीचा पाया किती खोल जाणार हे पलीकडचा माणूस ठरवतो.

वाळूच्या पोत्यांची रात्र

पानशेत. बांधकाम पुरतं झालेलं नसताना भरलेलं मातीचं धरण. बांधाखालून पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट, त्यातून पाणी जोरात धावत होतं. मोरीवरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलै १९६१ ला सकाळी बांध गेला आणि त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं दगडी धरणही फोडलं. मातीच्या भरावातून कडक बांधकाम जातं तिथला सांधा सर्वांत नाजूक, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात आहे. पुण्यात ते वाक्य नदीकाठच्या घरांवर पुराची रेघ म्हणून उमटलं.

ऑप्शनला टाकलेलं युनिट

'स्टेबिलिटी ऑफ स्लोप्स' बहुतेक पुस्तकांत शेवटाकडे येतं, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास त्याचा बळी जातो. त्यातला गाभा टेर्झागीचाच: मातीचे कण एकमेकांना घासून धरतात म्हणून उतार उभा राहतो, पोकळीतल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड सुटते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण पावसानं भिजलेल्या डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा कळवलं ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं. हे एक प्रकरण तरी ऑप्शनला टाकू नये असं माझं मत आहे. पेपरात ते आठ मार्कांना येवो अथवा न येवो.

अप्पा बळवंत चौक, सेकंडहँड

पुस्तकांचं म्हणाल तर पुनमिया सगळ्या देशाचा. पुणेरी मंडळींची वेगळी जोडी: बी. जे. कासमळकर यांचं जिओटेक आणि आर. बी. गुप्ते यांचं इंजिनिअरिंग जिऑलॉजी, दोन्ही पुणे विद्यार्थी गृह प्रकाशनाची. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळते. पहिल्या मालकानं लिक्विड लिमिटपासून कन्सॉलिडेशनपर्यंत पान न् पान पेन्सिलीनं रंगवलेलं असतं आणि पुढचं सगळं कोरं करकरीत. दुकानदार ते कोरे भाग उघडून दाखवतो, 'बघा, नव्यासारखं आहे' म्हणतो आणि भाव वीस रुपयांनी वाढवतो.